नव्या विहिरीवर सोलर पंप घ्यावा का लाइनची वाट बघावी?

हल्ली कुणी नवीन विहीर पाडली किंवा बोअर मारला की पाणी लागल्याचा आनंद दोन दिवस टिकतो, मग सुरू होतं, सोलर घेऊ का लाइनच्या, म्हणजे महावितरणच्या विजेच्या, कनेक्शनसाठी थांबू. गावात दोन्हीकडचे वकील भरपूर. सोलरवाला म्हणतो लाइनचं नावच काढू नको, लाइनवाला म्हणतो ढग आला की बस प्लेटांकडं बघत. माझ्याकडं दोन्ही आहे. खालच्या रानात वडिलांच्या काळातली विहीर, तिच्यावर लाइनची मोटर, आम्हा भावाभावांत सामाईक. वर माळाला माझी नवी विहीर, तिच्यावर सोलर. त्यामुळं जे काय लिहितोय ते या दोन मोटरींच्या जोरावर, लिटर-बिटर मोजलेलं नाही, वाफा किती वेळात भरतो एवढंच माझं मीटर. आमचा भाग घोड नदीचा पट्टा, कांदा, गहू, थोडा ऊस, पाऊस बेताचा. तुमच्याकडं जमीन वेगळी, पाणी वेगळं, तर हिशोबही थोडा वेगळा निघेल.

किती एकराला किती एचपी, सातबारा कुठं अपलोड करायचा, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, ते सोडतो. एकच आधी सांगतो, ज्या विहिरीवर लाइनचं कनेक्शन आहे तिच्यावर सरकारी अनुदानाच्या योजनेतला सोलर मिळत नाही. म्हणजे ही निवड खरी कुणापुढं आहे, तर ज्याच्या पाण्याला अजून वीजच नाही किंवा जो कोटेशन, म्हणजे जोडणीचे पैसे, भरून खांबाची वाट बघत बसलाय, त्याच्यापुढं. आणि तिथंही हल्ली नवी जोडणी मागायला गेलं की आधी सोलरच पुढं करतात. तरी पर्याय उरतोच, कारण बरेच जण जुन्या विहिरीवरच्या लाइनच्या मोटरीनं पाइपलाइन करून वर पाणी नेतात. माझाही तोच विचार होता. पाइपांचा दरसुद्धा काढून ठेवला होता.

पैशाचं पटकन उरकतो, कारण माझ्या मते पैशावर हा निर्णय होत नाही. पीएम-कुसुम ही केंद्राची सोलर पंपाची योजना २०१९ ला आली तेव्हा केंद्राचे ३० टक्के, राज्याचे ३० आणि शेतकऱ्याचे ४० असं गणित होतं. आपल्याकडं शेतकऱ्याचा वाटा १० टक्क्यांवर आणला, अनुसूचित जाती-जमातीला ५, राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतही तेच आहे, आणि महाराष्ट्र सोलर पंपात देशात पुढं का तर माझ्या मते याच्यामुळंच. म्हणजे पंपाप्रमाणं वीस-तीस हजारांच्या आत-बाहेर भरायचे, एका कांद्याच्या पट्टीत, म्हणजे एका विक्रीच्या पैशात, निघतात, अर्थात भाव असला तर. तिकडं लाइनवाल्याला साडेसात एचपीपर्यंत एप्रिल २०२४ पासून बिलच नाही, बळीराजा मोफत वीज योजना, मार्च २०२९ पर्यंत, मधे तीन वर्षांनी आढावा. आता २०२९ नंतर काय असं सोलरवाले फार जोरात विचारतात. मला नाही वाटत तो मोठा प्रश्न आहे, पंजाब-तमिळनाडूत बघा, फुकट केलेल्या शेतीच्या विजेला मधे पैसे लावून बघितले, पण थोड्याच वर्षांत परत फुकट करावी लागली. तर एकीकडं थोडे पैसे आधी आणि दुसरीकडं शून्य, पण लाइनची मोटर दोनदा भरून आणली, म्हणजे रिवाइंडिंग केली, की तेवढेच पैसे जातात. सारखंच धरा.

आता वेळेचं. लाइनला मोटर चालवणारी थ्री फेज वीज मिळणार आठ-एक तास, तेही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हे सगळ्यांना माहिती आहे आणि रात्रीच्या पाळीत काय असतं तेही माहिती आहे. आमच्याकडं उसात बिबट्या. पूर्वी सापाची भीती होती, ती आता दुसऱ्या नंबरला गेली. बॅटरी, काठी, मोबाइलवर मोठ्यानं गाणी आणि सोबतीला कुणीतरी, असं करून दारं धरायची, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडायचं, आणि ज्याच्या घरात दुसरा माणूस नाही त्यानं काय करायचं. सोलर घ्यायला लोक निघाले ते नव्वद टक्के या रात्रीच्या पाळीला कंटाळून, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

पण इथंच गंमत आहे. रात्रीच्या पाळीवर सरकारनं दुसरं उत्तरही काढलंय आणि ते पहिल्यापेक्षा हुशार आहे, असं सोलर पंप घेऊन बसलेला मीच म्हणतोय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ ला सुरू झाली, पहिला प्रयोग आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला. मग बरीच वर्षं रेंगाळली आणि २०२३ ला 'वाहिनी २.०' म्हणून परत जोरात आली, त्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये चालू झाला, ३ मेगावॉटचा. कल्पना साधी आहे, प्रत्येक विहिरीवर प्लेटा लावण्यापेक्षा सबस्टेशनच्या जवळ गायरानात किंवा भाड्याच्या जमिनीवर मोठा प्रकल्प टाकायचा, त्याची वीज शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शिवाराकडं जाणाऱ्या मुख्य तारेला, सोडायची, शेतकऱ्यानं आपली जुनी मोटर आपल्या जुन्या लाइनवर दिवसा चालवायची. जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाचं भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, माळरानाला एवढं भाडं आमच्या आज्यानं ऐकलं असतं तर खोटं वाटलं असतं. ग्रामपंचायतीलाही तीन वर्षं दरवर्षी ५ लाख.

सरकारला हे का परवडतं, तर ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. शेतीची वीज आजवर कशी चालली, दुरून कोळशाची वीज आणायची, वाटेत गळती सोसायची, शेतकऱ्याला जवळपास फुकट द्यायची आणि कारखानदाराच्या बिलातून ते भरून काढायचं. तीन रुपयांची वीज शेजारच्या गायरानातच तयार झाली तर सगळ्यांचाच भार हलका. शिवाय विहिरीवरच्या प्लेटांचं एक दुखणं आहे जे सोलरवाले कधी बोलत नाहीत. पावसाळ्यात, काढणीच्या दिवसांत, रान मोकळं असताना प्लेटा नुसत्या ऊन खात बसतात. माझ्या प्लेटा वर्षातला बराच काळ बिनकामाच्या असतात. फीडरवरच्या प्रकल्पाची वीज तशी वाया जात नाही, शेताला नको असली तर ग्रिडवर दुसरीकडं जाते. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात ढुंडी गावी शेतकऱ्यांनी सोलर पंपांची सहकारी संस्था करून जास्तीची वीज विकली, नंतर त्यांच्या सरकारनं २०१८ ला सूर्यशक्ती किसान योजना आणली, पंपही चालवा आणि उरलेली वीज ग्रिडला द्या. तसं आपल्याकडच्या सुट्या पंपाला नाही, त्याला तारच जोडलेली नाही तर विकणार कशी. देशाच्या हिशोबानं बघितलं, २०३० पर्यंत कोळसा-तेल-गॅस सोडून ५०० गिगावॉट विजेची क्षमता वगैरे, तर एका प्लेटेतून जास्तीत जास्त वीज काढायची असेल तर वाहिनी योजनाच बरी. हे मान्य करूनच पुढं बोलतो.

मग मी पाइपलाइन का केली नाही, खालच्या लाइनवर दिवसा वीज येणारच होती की.

डीपीमुळं, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरमुळं.

ज्यांनी शेती केली नाही त्यांना वाटतं शेतकऱ्याचा प्रश्न म्हणजे वीज येत नाही. वीज येते हो. फीडरला वीज असते, गावठाणात पंखे फिरत असतात आणि आपल्या शिवारातली डीपी जळालेली असते. आमच्या डीपीवर कागदावर जेवढ्या मोटरी आहेत त्यापेक्षा जास्त प्रत्यक्षात आहेत, आणि ज्या कागदावर तीन एचपी आहेत त्या रानात पाच आणि साडेसातच्या आहेत, यात मी कुणाला चोर म्हणत नाही, पाणी खाली गेलं तशी प्रत्येकानं मोटर वाढवली. प्रत्येकाच्या पेटीत मोटर आपोआप चालू करणारा ऑटो बसवलेला. लाइट आली की एका झटक्यात सगळ्या मोटरी उठतात, व्होल्टेज खाली बसतं, मोटर नुसती घुं घुं करते, कॅपॅसिटर कधीच काढून फेकलेले, आणि मग कुणाचं तरी वाइंडिंग जातं नाहीतर सरळ डीपीच जाते. आणि ती जाणार कधी, तर गव्हाला शेवटचं पाणी असताना किंवा उन्हाळ कांदा पोसायला लागला तेव्हा, कारण सगळ्यांना पाणी तेव्हाच लागतं. जूनमध्ये जळालेली डीपी मला तरी आठवत नाही.

एकदा जळाली की पुढचं सगळं ज्याला ऊस आहे त्याच्या गळ्यात. वायरमनला फोन त्यानं करायचा, ट्रॅक्टर त्यानं काढायचा, जुनी उतरवायला माणसं त्यानं गोळा करायची, आणि या खर्चाची वर्गणी. ही वर्गणी हाच माझा खरा त्रास, बाकी सगळं सहन होतं. ज्याचा कांदा निघालाय तो म्हणतो मला आता पाणी लागत नाही, मी कशाला देऊ. एकजण म्हणणार माझी मोटर छोटी, मी निम्मे देणार. एक चुलतभाऊ पुण्याला, शेत वाट्यानं दिलेलं, तो म्हणतो वाटेकऱ्याकडून घे आणि वाटेकरी म्हणतो मालकाला विचारा. ज्याचा तारेवर चोरून टाकलेला आकडा आहे त्याच्याकडं तर मागायचीच सोय नाही कारण कागदावर तो डीपीवर नाहीच. पैसे तसे फार नसतात, पण त्या पैशासाठी सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दारात जायचं, चहा प्यायचा, हो-हो ऐकायचं आणि तिकडं पीक वाळतंय. आमच्या शिवारात दोन घरांचं बोलणं बंद झालंय ते बांधावरून नाही, डीपीच्या वर्गणीवरून. थोरले बंधू स्वभावानं शांत, ते दरवेळी आपल्या खिशातून घालून मोकळे होतात आणि मग वर्षभर वहिनींचं ऐकतात.

आता वाहिनी योजना याला काय करणार. सौर प्रकल्पाची वीज सबस्टेशनला आली, तिथनं ११ केव्हीच्या तारेवरून आमच्या डीपीपर्यंत आली, दिवसा आली, फार चांगलं झालं. डीपी तीच. तिच्याखालच्या लोंबलेल्या तारा त्याच, तिच्यावरच्या मोटरी त्याच आणि वर्गणी न देणारे लोकही तेच. उलट मला एक भीती वाटते, बरोबर का चूक तुम्ही ठरवा. रात्रीच्या पाळीला निम्मे लोक यायचे नाहीत, मोटर बंद करून झोपायचे, त्यामुळं रात्री व्होल्टेज जरा बरं असायचं. आता सगळ्यांनाच दिवसा म्हटल्यावर सगळेच दिवसा चालवणार. ज्या गावांत दिवसा वीज सुरू झालीय तिथले पाहुणे सांगतात की रात्रीचा त्रास गेला, देव पावला, पण दुपारी मोटर उचलत नाही. सगळीकडं असंच असेल असं नाही, डीपीची क्षमता वाढवली असेल तिथं उत्तम चालत असेल.

खरं तर डीपीवरचं उत्तर २०१८ लाच आलं होतं, एचव्हीडीएस. उच्चदाबाची तार थेट शेतापर्यंत आणायची आणि एका-दोघा शेतकऱ्यांना मिळून एक छोटी डीपी. ज्यांना ती मिळाली त्यांची मोटर जळणं कमी झालं, आकडा टाकायची सोय नाही आणि वर्गणी मागायला दुसरा माणूसच नाही. तुमच्याकडं अशी स्वतःची डीपी असेल आणि फीडर सौरवर गेला असेल तर हे सगळं वाचू नका, सोलरचा विचार सोडा, तुमच्यासारखा सुखी कोणी नाही. पण हे महाग काम, सगळ्यांना पुरलं नाही, आणि आता नवं मागायला गेलं की सोलर.

तर माळाच्या विहिरीला मी सोलर घेतला तो ऊन फुकट आहे म्हणून नाही आणि पर्यावरणासाठी तर नाहीच नाही, हे कबूल केलेलं बरं. वर्गणी मागायला कुणाच्या दारात जायचं नाही एवढ्यासाठी घेतला.

सोलरचे त्रास आता मोकळेपणानं सांगतो, कमी नाहीत. पहिला म्हणजे सकाळी ऊन चढेपर्यंत पाणी बारीक येतं, मग दहा-साडेदहापासून तीन-साडेतीनपर्यंत जोर, मग परत कमी. ज्याला पाटपाणी द्यायचंय त्याला चालतं. ठिबकला मात्र प्रेशर लागतं, प्रेशर उन्हाबरोबर खालीवर होतं, एक ढग सरकला की शेवटच्या ओळीला थेंब नाही. उपाय दोन, एकतर ठिबकचे भाग लहान पाडायचे, म्हणजे एका वेळी अर्धाच एकर, नाहीतर शेततळ्यात नाहीतर टाकीत पाणी साठवून तिथनं सोडायचं. मी भाग लहान पाडले. दिवसातून दोन-तीनदा कॉक फिरवायला जावं लागतं, पण ते दिवसा, त्यामुळं घरचं कुणीही जाऊ शकतं. आमच्या मंडळी आता माळाचं पाणी पूर्ण स्वतः बघतात, रात्रीच्या पाळीत हे शक्यच नव्हतं, आणि पाण्याचा कारभार त्यांच्याकडं गेल्यापासून तो माझ्यापेक्षा नीट चाललाय हेही इथंच लिहून टाकतो नाहीतर घरी वाचलं जाईल.

दुसरा त्रास दुरुस्तीचा, आणि सोलरला हाच सगळ्यात मोठा उणा मार्क. लाइनची मोटर बिघडली की तालुक्याला दहा मोटर भरणारे आहेत, सकाळी टाकली तर संध्याकाळी मिळते. सोलरचा कंट्रोलर बिघडला की पेटीवर बिघाडाचा एक नंबर झळकतो आणि आपण कंपनीच्या नंबरवर फोन लावत बसायचं, तिकडून सांगतात तक्रार नोंदवली, माणूस येईल. येतो, पण त्याच्या सवडीनं. गावातला वायरमन त्या पेटीला हात लावत नाही आणि लावला तर गॅरंटी जाते. पाच वर्षं देखभाल आणि विमा योजनेतच आहे त्यामुळं पैसे लागत नाहीत, दिवस मात्र जातात. पाच वर्षांनंतर कोण बघणार हे कंपनीवाल्यांनाही विचारलं, नीट उत्तर मिळालं नाही. माझा भरवसा एवढाच की तोपर्यंत गावोगावी एवढे पंप झालेले असतील की कुणीतरी तालुक्याला दुकान टाकेलच, मोबाइल दुरुस्तीचं टाकलं तसं.

बाकी किरकोळ. आमच्याकडं ऊस पेटवला की काजळी प्लेटांवर येऊन बसते, फडकं मारावं लागतं. वादळाची धास्ती असते. केबलचोर फिरतात, चोरी झाली तर आधी पोलीस तक्रार मग विमा. प्लेटांखालची जागा अडते. एक मात्र मला आवडलं आणि ते कुणी सांगत नाही. लाइनच्या मोटरीला व्होल्टेज कमी मिळालं की ती जास्त अँपिअर ओढते आणि जळते, सोलरच्या मोटरीला ऊन कमी मिळालं की ती नुसती हळू होते. ऊन आलं की परत पळते. ढगाळ दिवशी चिडचिड होते पण मोटर काढून ट्रॅक्टरमध्ये टाकायची वेळ येत नाही.

थोडं वीज वाचवण्याबद्दलही बोलायला पाहिजे, कारण सरकार प्लेटांवर जेवढं बोलतं तेवढं मोटरीवर बोलत नाही. चारदा भरलेली मोटर, गरजेपेक्षा मोठा एचपी, पाइपाला नको तेवढे बेंड, पाइपाच्या तळाचा चोक झालेला फुटवॉल, यात किती वीज जाते याचा कुणी हिशोब ठेवत नाही, बिलच नाही तर कशाला ठेवेल. बीईईनं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं, देशातला या प्रकारचा पहिला मोठा प्रयोग आपल्याच सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला केला होता, दोन हजारांहून जास्त जुने पंप काढून कमी वीज खाणारे स्टारवाले चांगले पंप बसवून दिले. एलईडी बल्ब उजाला योजनेतून घराघरात गेले तसं या पंपांचं झालं नाही. बल्बात बिल कमी झालेलं दिसतं, शेतीपंपाला दिसायला बिलच नाही. फुकटच्या लाइनवर कुणी चांगली मोटर स्वतःहून घेत नाही, मीही खालच्या विहिरीवर घेतलेली नाही.

सोलरवर मात्र माणूस आपोआप काटकसरी होतो. दिवसाचे पाच-सहा तास जोराचे, तेवढ्यात भागवायचं, मग पाट गळतोय तो बुजवतो, ठिबक करतो, ज्वारी करू का ऊस याचा विचार करतो. खाली लाइनवर आम्ही कधी तसा विचार केला नाही, मोटर ऑटोवर टाकायची आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी चालायचं. आता कुणी म्हणेल सोलरला वीज फुकट म्हटल्यावर लोक दिवसभर उपसा करतील आणि विहिरी कोरड्या पाडतील, आणि हे काही खोटं नाही, जिथं पाणी मुबलक आहे आणि शेजारी पाणी विकत घ्यायला तयार आहे तिथं होतंही तसं. आमच्याकडं विहीरच चार तासांत बूड दाखवते, तिथं प्लेटा काय करणार.

मग कुणी काय घ्यावं. पाच-सात एकर ऊस असेल, नदीवरून किंवा लांबून लिफ्ट असेल, तर लाइन सोडू नका, योजनेतलं सोलरचं अनुदान साडेसात एचपीपर्यंतच आहे आणि उसाला आठ तास सलग पाणी लागतं. बोअर फार खोल असेल तरी जपून, योजनेत एकराप्रमाणं एचपी ठरतो, तुमचं पाणी किती खोलावर आहे त्याप्रमाणं नाही, अडीच एकरवाल्याला तीनच एचपी. त्यात ३० मीटरपासून १०० मीटरपर्यंत हेडचे, म्हणजे पाणी किती उंच उचलायचं त्याचे, पर्याय असतात, तो नीट निवडला नाही तर पंप चालतो आणि पाणी बोटाएवढं येतं. कडबा कुट्टी, गिरणी चालवायची असेल तर लाइनच बरी, सोलरला त्यासाठी वेगळा युनिव्हर्सल कंट्रोलर येतो, तो हवाच असेल तर ऑर्डरच्या आधी विचारा, नंतर कुणी बदलून देत नाही. चार एकराच्या आत, विहिरीचं पाणी, कांदा-गहू-भाजीपाला-डाळिंब असं पीक, आणि डीपीवर गर्दी, तर मला विचाराल तर सोलर. फीडर सौरवर जाणार आहे म्हणून थांबावं का, तर तुमची डीपी कशी आहे ते आधी बघून या. लाइट यायच्या वेळेला डीपीखाली जाऊन उभे राहा, ऑटोचे आवाज मोजा आणि दिव्याचा उजेड किती पडतो बघा. मग त्या डीपीवर मागच्या वेळी वर्गणी कुणी गोळा केली हे एकदा विचारा. तो माणूस तुमच्या घरातला असेल तर थांबू नका.

घ्यायचं ठरलं तर वेंडर निवडताना कंपनीच्या नावापेक्षा तालुक्यात त्यांचा माणूस आहे का हे बघा, आधी बसवलेल्या दोघा-तिघांना फोन करून विचारा की बिघाड झाल्यावर किती दिवसांत आला. आणि सर्व्हेला येतील त्या दिवशी स्वतः विहिरीवर हजर राहा. गडी दाखवेल ती जागा ते लिहून घेतात आणि निघून जातात, नंतर दक्षिणेला बाभळ आहे, थंडीत तिची सावली निम्म्या प्लेटांवर येते हे दिसतं, आणि मग एकतर बाभळ तोडायची नाहीतर चार महिने निम्म्या पाण्यावर काढायचे. बाभळ शेजाऱ्याच्या बांधावर असेल तर आणखीच मजा.